यादी लागेपर्यंत

रिसोडच्या कॉलेजातून बॉटनी घेऊन मी बी.एस्सी. झाले, त्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या सगळ्यांना एक नवा शब्द पाठ झाला होता: मेरिट लिस्ट. एम.एस्सी.साठी मी चार विद्यापीठांत अर्ज केले होते. चारही लांबची. आमच्या रिठदच्या गल्लीतून इतक्या लांब कुणी पोरगी शिकायला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. प्रवेश परीक्षा देऊन झाल्या, कागद पाठवून झाले, आणि मग माझ्या हातात करण्यासारखं काही उरलंच नाही. अभ्यास करताना मी कधी घाबरले नव्हते. अभ्यास संपल्यावर घाबरले.

पहिली यादी मे महिन्याच्या सुरुवातीला लागली. मी भाकरीचं पीठ मळत होते. पिठाच्या बोटांनीच फोन उघडला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. माझं नाव नव्हतं. कदाचित आडनाव मागे टाकून नाव आधी लिहिलं असेल म्हणून पुन्हा वाचली. तरी नव्हतं. तव्यापाशी बसलेली आई म्हणाली, "काय झालं व?" मी म्हटलं, "काही नाही." मग त्याच पिठाची भाकरी थापली. ती तव्यावर टाकेपर्यंत तीनदा फाटली.

दुसऱ्या विद्यापीठानं मला वेटिंग लिस्टवर अकरावी ठेवलं. जागा सगळ्या मिळून वीस. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी प्रवेश सोडला तर माझा नंबर लागणार. उरलेल्या दोन ठिकाणांहून काहीच कळत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला अजून लख्ख आठवतात. सकाळी डोळे उघडले की पहिला हात फोनवर. दात घासताना फोन, धुणं वाळत घालताना फोन. पान उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. जेवण जात नव्हतं. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. आईवर मी विनाकारण खेकसत होते. बाहेर निघालं की प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय व, लागला का नंबर?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण मला ते टोचायचं. शेवटी मी बाहेर जाणंच सोडलं. एके दिवशी फोन बंद करून गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवला आणि तासाभरात पुन्हा उकरून काढला.

आईनं ते पाहिलं. म्हणाली, "गव्हात ठेवून काय मोठा होनार हाय का तो?" मी हसले नाही. ती मात्र स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसत होती.

बाबा माझ्याशी या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. ते मुळातच कमी बोलतात. एका सकाळी ते आतल्या खोलीतून ओंजळभर सोयाबीन घेऊन आले आणि माझ्यापुढं पसरून बसले. मागच्या वर्षी खालच्या वावरातलं सोयाबीन कापून पडलेलं असताना पावसाच्या पाण्यात सापडलं होतं. नंतर ऊन देऊन, वाळवून, बियाण्यासाठी तीन कट्टे, म्हणजे लहान पोती, भरून बाजूला ठेवले होते.

"तू बॉटनी शिकली ना?" बाबा म्हणाले. "मंग सांग मले, हे उगवन का नाई?"

"असं पाहून कसं सांगू?"

"पाहून नको सांगू. कसं सांगाचं तेच तर शिकली असशीन."

मी वैतागले होते. "बाबा, माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमी काय दाणे घेऊन बसले?"

ते रागावले नाहीत. दाणे तसेच जमिनीवर ठेवून वावरात निघून गेले. मी अर्धा तास त्या दाण्यांकडं पाहत बसले. मग उठले आणि आईला जुना बारदाना, पोत्याचं तागाचं कापड, मागितला.

घरच्या घरी उगवण पाहायची पद्धत फार सोपी आहे. बारदान्याचे तुकडे कापून, धुऊन, ओले करायचे. प्रत्येक तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा ठेवायचा आणि हलक्या हातानं गुंडाळी करायची. सावलीत ठेवायची, ओल टिकेल एवढं पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर आले तर बी पेरण्याजोगं. मी तिन्ही कट्ट्यांतून वरून, मधून आणि तळातून दाणे काढले आणि तीन गुंडाळ्या न्हाणीजवळच्या सावलीत ठेवल्या.

आणि स्वतःला एक नियम घातला. दिवसातून तीनदा बारदान्यावर पाणी शिंपडायचं, आणि ते झाल्यावरच फोन पाहायचा. सकाळी, दुपारी, दिवस कलताना. मध्ये नाही. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप लागली, कितीतरी दिवसांनी. चौथ्या दिवशी मी नियम मोडला आणि एका बैठकीत वीसेक वेळा पान उघडलं. पाचव्या दिवशी पुन्हा नियमावर आले. हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला मात्र कळलं असावं. कारण दुपारी पाणी शिंपडून आले की ती स्वतःहून फोन माझ्या हातात द्यायची.

सातव्या दिवशी बाबांसमोर गुंडाळ्या उघडल्या. मी मोजत होते, बाबा बोटांवर धरत होते. एकावन्न. चोपन्न. एकोणपन्नास.

बाबांचा चेहरा उतरला. "दाना तर चांगला भरलेला दिसते."

"आतून गेलाय बाबा. पाण्यानं."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. आकडे दोन-तीननं इकडेतिकडे झाले, एवढंच. मग मी वरच्या वावरातल्या सोयाबीनचे दाणे घेतले. ते पावसाआधीच निघालं होतं, पाण्यात सापडलं नव्हतं. त्याचे ब्याऐंशी उगवले. बाबांनी ती गुंडाळी उचलून उन्हाकडं धरली, पांढऱ्या कोंबांकडं बारकाईनं पाहिलं आणि म्हणाले, "हेच पेरू." तिन्ही कट्टे त्याच दिवशी बियाण्यातून काढून विकायच्या मालात गेले. माझ्या सांगण्यावरून आमच्या घरात घेतलेला हा पहिला निर्णय. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

दोन दिवसांनी शेजारची काकू पदराच्या गाठीत दाणे बांधून आली. "माहेही पाह्य ना व. तुया बाबानं सांगतलं." मग तिची जाऊ आली. मग गल्लीतली इतर घरं. न्हाणीजवळ जागा पुरेना, म्हणून गुंडाळ्या गोठ्यात नेल्या. कोणती कुणाची हे कळावं म्हणून मी रंगीत चिंध्या बांधल्या आणि वहीत रंग लिहून ठेवले. आता लोक दारात आले की विचारायचे, "किती उगवले?" नंबर लागला का, हे विचारायचं बहुतेक जण विसरूनच गेले.

याच दिवसांत तिसऱ्या विद्यापीठाची यादी लागली. नाव नव्हतं. दुसऱ्या विद्यापीठाची वेटिंग लिस्टही माझ्यापर्यंत न पोचताच बंद झाली होती. मी गोठ्यात जाऊन रडले. अगदी हुंदके देऊन. मग डोळे पुसले आणि तिथंच होते म्हणून गुंडाळ्यांवर पाणी शिंपडलं. त्या वेळी नियमाची आठवण नव्हती. काम होतं, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी एक आबाजी राहायचे. सत्तरीचे, ताठ, शेतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या सुनेनं चोरून दाणे आणून दिले होते. शंभरात अडतीस आले. तिनं घरी सांगितल्यावर आबाजी काठी टेकत आमच्या दारात आले.

"मी दाना दाताखाली धरला का बी ओयखतो," ते म्हणाले. "तूनं पानीच नसन टाकलं बरोबर."

आई आतून बाहेर आली. तिला वाटलं मी घाबरेन. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझा आवाज नीट निघाला. "आबाजी, बारदाना मी देते. दाने तुमी मांडा, पानी तुमी टाका. सातव्या दिवशी मी मोजाले येतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बारदाना काखेत मारला आणि गेले.

सातव्या दिवशी सकाळीच निरोप आला. मी गेले तर अंगणात सगळं घर जमलेलं आणि आबाजी खाटेवर बसलेले. समोर गुंडाळी उघडी होती. मी मोजायला वाकले तसे ते म्हणाले, "राहू दे. मी मोजले. छत्तीस." मग म्हणाले, "तुये दोन जास्तच होते." सून तोंडाला पदर लावून हसली. आबाजींनी मला खाटेवर शेजारी बसवलं आणि चहा मागवला. त्या खाटेवर मी तोवर कधी कुठल्या बाईमाणसाला बसलेलं पाहिलं नव्हतं. परत येताना माझी मान आपोआप वर होती. तीन विद्यापीठांनी मला घेतलं नव्हतं, तरी मला माझा अभिमान वाटत होता, आणि हे माझं मलाच नवं होतं.

चौथ्या विद्यापीठानं मुलाखत ठेवली, फोनवरच. घरी रेंज तुटायची म्हणून कॉलेजातल्या मॅडमनी रिसोडला त्यांच्या घरी बोलावलं. मी मनात सगळी तयारी केली होती की बारदान्याचं सांगायचं, आबाजींचं सांगायचं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. पेशीविभाजन विचारलं, पानाचा आडवा छेद विचारला, दोन प्रश्न असे विचारले की मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "सर, हे मला माहीत नाही." पूर्वी असं म्हणताना माझी जीभ अडखळली असती. फोन ठेवल्यावर मॅडमनी विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "खरी झाली."

पुढचे दहा दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. जिवाला घोर होताच. पण त्याच्यासोबत राहायची सवय झाली होती.

आईचे ब्लाऊज रिसोडला शिवायला टाकले होते, ते आणायला आम्ही दोघी एसटीनं निघालो होतो. गाडी भरलेली, उन्हानं तापलेली. फोन वाजला. मी पाहिला नाही. सकाळचं पाहून झालं होतं.

"पाह्य ना," आई म्हणाली.

"दुपारी पाहीन."

"आता पाह्य म्हनतो ना तुले!"

मी उघडला. एकच ओळ वाचता आली, पुढची अक्षरं धूसर झाली. आईनं माझा हात धरला. "नाई म्हनले? जाऊ दे व. त्यायचं नशीब खराब."

"हो म्हणाले, आई."

तिनं मांडीवरची पिशवी माझ्याकडं दिली. मग उभी राहिली, दांडी धरून, आणि सगळ्या गाडीतून कंडक्टरला मोठ्यानं म्हणाली, "ओ भाऊ! मायी पोट्टी लागली! एम.एस्सी.ले!"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. "कोठी?"

आईला विद्यापीठाचं नाव धड घेता येईना. तिनं तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं घेऊन पाहिलं, तेव्हा मागच्या सीटवरचा एक अनोळखी माणूस म्हणाला, "लय लांब हाय ते." आई म्हणाली, "हाय तर हाय. जाईन मायी पोट्टी." आणि मग माझ्याकडं वळून पाहिलं तेव्हा तिचे डोळे गच्च भरले होते.

बाबांना सांगितलं तेव्हा ते वखराच्या लोखंडी पासेला धार लावत होते. "बरं झालं," म्हणाले आणि धार लावत राहिले. दुसऱ्या दिवशी आबाजींकडून कळलं की चहाच्या टपरीवर बाबांनी ती बातमी स्वतःहून सांगितली होती, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनाही पुन्हा सांगितली होती.

पेरण्या उरकल्यावर बाबा मला पोचवायला आले. दोन गाड्या बदलून आम्ही विद्यापीठात पोचलो. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "वडिलांचा व्यवसाय?" मी तोंड उघडायच्या आत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "शेतकरी लिव्हा." बाईंनी वर पाहिलं, हसल्या आणि लिहिलं.

मग त्यांना माझा विभाग पाहायचा होता. प्रयोगशाळेला कुलूप होतं. बाबांनी दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला लावून काचेतून आत पाहिलं. लांब टेबलं, त्यावर झाकून ठेवलेले मायक्रोस्कोप.

"अठीच बसशीन तू?"

"हो बाबा."

ते बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्या बाजूला उभी होते. मग त्यांनी काचेवर उमटलेले हाताचे ठसे रुमालानं पुसले, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, आणि आम्ही होस्टेल कुठं आहे ते विचारायला निघालो.