वऱ्हाडातला ऱ

आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला बाबांनी तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली. ते दिल्लीतल्या द्वारकेत घरी बसून फोनवर टाइप करत, व्हॉट्सअॅपवर तुकडे पाठवत आणि मी दिल्लीतच मुनिरकातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत ते कॉम्प्युटरवरच्या एडिटरमध्ये चिकटवत असे. माझा थीसिसही मी असाच लिहिते: साध्या मजकुरात खुणा घालायच्या, मग दुसरा प्रोग्राम त्याची छापण्याजोगी पीडीएफ बनवतो. इथे तर मी फारच हुशारी केली. एडिटरमध्ये सेव्ह दाबलं की पीडीएफ आपोआप तयार, आणि मागे उरलेल्या सटरफटर फायली आपोआप साफ. प्रोग्राम आपल्या तक्रारी, म्हणजे काय छापता आलं नाही ते, त्याच फायलींत लिहितो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

या जुळवाजुळवीत मी रमले होते. मशीनशी खटपट करताना रडू येत नाही. बाबांचं लिखाण वाचलं असतं तर आलं असतं, म्हणून मी ते नुसतं चिकटवत राहिले.

"बेटा, छापायच्या आधी एकदा नीट वाच," बाबा फोनवर म्हणाले. "माझे डोळे आता साथ देत नाहीत."

"बाबा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. सगळं ऑटोमॅटिक आहे."

प्रश्न काय होता आणि मी उत्तर काय दिलं!

कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाली, पुस्तिका वाटल्या गेल्या. अकोल्याहून आलेल्या मावशीने पहिलं पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं बाई, आमचं वऱ्हाड कुठं गेलं? हे व्हाड काय आहे?"

मी हातातली प्रत चाळली. मी निवडलेल्या हिंदी फॉन्टमध्ये ऱ हे अक्षरच नव्हतं. हिंदीला ते लागत नाही. प्रोग्रामने ते मुकाट्याने गाळलं होतं, आणि त्याची तक्रार मी न वाचता पुसली होती. दुसऱ्याचं दुस्या झालं होतं, बिचाऱ्याचं बिचाया. आईचं सगळं बालपण व्हाडात गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन आहे, होतं कधी कधी," बाबा सगळ्यांना सांगत राहिले. मला कोणी बोलू नये म्हणून.

पाहुण्यांची जेवणं चालू असताना ते कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले आणि उरलेल्या प्रतींत काळ्या पेनाने ऱ भरू लागले. चष्मा कपाळावर, पान नाकाशी. मी त्यांच्याजवळ बसले, एक प्रत घेतली आणि ऱ शोधण्यासाठी का होईना, पहिल्यांदा ते वाचलं. आई दिल्लीत आल्यावर भाजीवाल्याशी मराठीतच भांडायची, हे मला माहीतच नव्हतं. मी हसले, मग डोळे पुसले, पुढचं पान घेतलं.

शेवटच्या पानावर बाबांनी आभार मानले होते. "माझ्या मुलीने आपला अभ्यास सांभाळून यातला शब्द न् शब्द वाचला आणि तपासला. तिच्याशिवाय हे झालं नसतं."

त्या पानावर ऱ लागणारा एकही शब्द नव्हता, पेनाने भरण्यासारखं काही नव्हतं.

"झालं का ते पान?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि त्यांनी पुढची प्रत माझ्या हातात दिली.