डॉट बॉल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं — दोन्ही वेळा चहा मागितला आणि विषय बदलला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अश्फाकला ओळखत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं डॉक्टरकीला होतो आणि सानपाड्याला एका खोलीत राहायचो. मी मार्केटातल्या सातारकर माथाडीचा मुलगा, तो उरणकडच्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचा. अभ्यासाइतकंच आमचं वेड म्हणजे कागदी टीम. खरे खेळाडू निवडून आपापले अकरा ठरवायचे आणि सकाळच्या पेपरातला स्कोअरबोर्ड बघून गुण द्यायचे. मी जुने आकडे घोकून टीम काढायचो. आणि हा? ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचा. बॅटचा आवाज ऐकून म्हणायचा, "आज हा टिकनार बघ." आणि तो टिकायचा! "उद्या अख्खा देश हा गेम खेळंल. आपन याचा धंदा टाकू," असंही म्हणायचा. मी हसायचो. आज लोकांच्या हातातले मोबाइल बघतो आणि — जाऊ दे.

खरी कमाल वॉर्डात. हृदयाची झडप नीट मिटली नाही, की ठोक्यांच्या मधे एक बारीकशी फूस येते — मर्मर. ती अश्फाकला अशी ऐकू यायची, जशी आपल्याला शेजारच्या घरातली कुकरची शिटी. मी थक्क होऊन बघत राहायचो. हे येतं कुठून माणसाला? माझ्या कानात स्टेथोस्कोप घालून तो माझ्या मनगटावर बोटानं टकटक करायचा — "आता... आता... आली ना?" मी हो म्हणायचो. एकदाही आली नव्हती. त्या बोटाचा मला राग यायचा — हेही आजच कबूल करतोय.

आमच्या बॅचचा एक रिवाज होता. परीक्षा देऊन बाहेर येणाऱ्यानं पुढच्याला आत काय आहे ते हळूच सांगायचं, कारण आत पेशंट तोच असायचा. आम्हा दोघांची भाषा क्रिकेटची — मर्मर असेल तर 'विकेट', काही नसेल तर 'डॉट बॉल'.

शेवटच्या परीक्षेत आधी मी आत गेलो. एका बाईंच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला — नेहमीसारखं काहीच ऐकू आलं नाही. पण परीक्षेला धडधाकट हृदय कोण ठेवतं? टीम काढताना आकड्यांवरून ठोकायचो तसा अंदाज ठोकला. "मर्मर आहे, सर." परीक्षक खूश झाले.

बाहेर अश्फाक उभा होता. एकच शब्द बोलायचा होता. आणि मी — का? किती वेळा विचारलंय स्वतःला. याला सगळं फुकट मिळालंय, एकदा तरी चुकू दे, एवढंच मनात आलं. "डॉट बॉल," मी म्हणालो. "फसवायला ठेवलंय."

तो नापास झाला. माझ्यावर चिडला नाही हो! खोलीवर आल्यावर म्हणाला, "मला ऐकू आलती रे. पन तू डॉट बॉल म्हनालास. वाटलं, माझ्याच कानात गडबड हाय." मलाही ऐकू आली नसणार, बाकीच्या मार्कांवर मी तरलो असणार, असं तो समजून चालला होता. गंमत बघा, तेवढं खरंच होतं. मी उठून चहा टाकला.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. तो बसला नाही. वडिलांच्या दुकानात गेला.

दशक संपता संपता खांदेश्वरच्या माझ्या दवाखान्यात तो अम्मीला घेऊन आला. "हिच्या पाठीला कान लावला तर कायतरी फूस येतंय," तिच्या पाठीवर एका जागी बोट ठेवून म्हणाला. "पन त्या परीक्षेपास्नं माझ्या कानांवर माझाच भरवसा नाय. तू बघ."

नुसत्या कानानं? तोवर घासून घासून मलाही थोडं ऐकू यायला लागलं होतं. डोळे मिटून ऐकत राहिलो. कितीतरी वेळानं सापडली — फारच बारीक, आणि त्यानं बोट ठेवलं होतं तिथेच.

"आहे," मी म्हणालो.

अम्मीची काळजी होतीच, तरी त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे बरोबरच ऐकलं ना मी?"

मी हो म्हणालो.