टेंभापूरची शंभरी

ग्रामांसही वार्धक्य असते. देवळी तालुक्यातील टेंभापूर त्या अवस्थेस पोहोचले, तेव्हा त्याच्या प्रत्येक श्वासाची दखल घेणारे एक सत्पुरुष तेथे होते: निवृत्त कोतवाल रूपराव. वेशीवरच्या पाटीवरील लोकसंख्येचा आकडा ते स्वहस्ते रंगवीत. प्रथम ब्रश हाती घेतला तेव्हा तो सहाशे बारा होता. मग कोणी पुलगावास गेले, कोणी नागपुरास, कोणी परलोकी. यंदाच्या वैशाखात नव्व्याण्णव उरले. तीन अंकांवरून दोनांवर येणे ही अधोगती रूपरावांस इतकी लागली की आठ दिवस ते पाटी टाळून, नाल्यातून वळसा घालून शेतात जात.

आषाढात शेजारच्या तानाबाईंची लेक वर्षाली पहिल्या बाळंतपणास माहेरी आली. माहेरवाशीण ही पाहुणी. तिची गणना नाही. परंतु रूपरावांचा सिद्धांत असा, की जीव प्रथम ज्या गावी पाळण्यात निजला, मुक्काम हलेपर्यंत तो त्या गावचा. बाळ दवाखान्यातून घरी आले, त्याच सायंकाळी पाटीवर शंभर झळकले.

सव्वा महिना सरला. जावई अंकुश गिरडहून न्यायला आला. निघताना तानाबाई वेशीपर्यंत पोचवायला आल्या.

"जावईबापू, आज नाई जाता येत," रूपराव शिडीवरून म्हणाले.

"काऊन जी?"

"सकाळीच शंभरावर दुसरा हात मारला. ओल्या रंगावर नव्व्याण्णव लिवलं तं सारं फरफटते. अन् न लिवता तुमाले जाऊ देलं, तं पाटी खोटी होते. म्या जलमात खोटं नाई लिवलं."

"भाऊ, पोरगं माह्या लेकीचं हाय का तुमच्या पाटीचं?" तानाबाई कडाडल्या.

"वाळेपर्यंत पाटीचं."

सर्दावलेल्या श्रावणात रंग वाळतो कधी? जावई थांबलाच आहे म्हणून तानाबाईंनी पुरण घातले. दुसऱ्या दिवशी वडे, तिसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा. रूपराव रोज पहाटे आणखी एक हात मारीत आणि पाटीला लावलेले पिवळे बोट सर्वांस दाखवीत. बोट खरोखरच पिवळे असे. त्यात असत्य ते काय?

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि डब्यातील रंगही संपला. रूपराव शिडीखाली डोके धरून बसले. वर्षालीने पिशव्या भरल्या. अंकुश स्वतःच शिडी चढला, त्याने शंभरावर बोट टेकवले. बोट कोरडे ठणठणीत निघाले. ते मुठीत मिटून तो खाली उतरला.

"ओलंच हाय जी," तो गंभीरपणे म्हणाला, आणि सासूकडे वळला, "मामी, आज काय शिजून राह्यलं?"