टोपीतलं ऊन

दुकानात त्याला सगळे शंकासुर म्हणत. हे नाव आपल्याला नेमकं कोणी ठेवलं, याबद्दल त्याचा चौघांवर संशय होता. काम नकाशांच्या नकला काढण्याचं: घरांचे, पुलांचे, गटारांचे नकाशे. हल्ली नकला यंत्रच काढायचं आणि हा शेजारी उभा राहून यंत्रावर पाळत ठेवायचा. घरी दूध आलं की तीनदा हुंगायचा. कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा चढून ते ओढून बघायचा. कोणी काहीही सांगितलं की पहिला शब्द ठरलेला, "नक्की?" महिन्यापूर्वी न्हाव्याने त्याच्या टकलाच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, इथं खरखरीत लागतंय. कोणाला तरी दाखवून घ्या." याने न्हावीच बदलला. त्या माणसाला डोक्याचं तेल खपवायचं होतं, दुसरं काय!

जगात एकाच माणसावर त्याने कधी संशय घेतला नव्हता, ती म्हणजे बायको. ती रोपवाटिकेत काम करायची. सकाळपासून उन्हात वाफे, कुंड्या, पाण्याचा पाइप. मागच्या वर्षी तिच्या नाकाच्या शेंड्यावर मसुराएवढा एक डाग आला आणि बरा होईना. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तो कापून तपासायला पाठवला. डाग वाईट जातीचाच निघाला, पण वेळेत सापडला. "आता उन्हाला जपायचं," बाई म्हणाल्या. "लांब बाह्या, मोठ्या काठाची टोपी आणि हे जस्ताचं पांढरं मलम. नाहीतर पुन्हा येऊ शकतो." त्या दिवसापासून शंकासुराची पाचावर धारण बसली होती. बायको झोपली की तो खिडकीतून येणाऱ्या उजेडात वाकून तिचं नाक न्याहाळायचा आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "आहे जागेवर."

आणि अशात ताईने तेल आणलं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. गाजराच्या बिया तिळाच्या तेलात आठवडाभर मुरवून तिने ते केलं होतं. रंग मधासारखा, वास असा की शेजारीण दारात येऊन विचारून गेली. ताईने त्याला नावही दिलं होतं, ऊनकवच. बायकोने मलमाची डबी फळीवर मागे सारली आणि रोज सकाळी हे तेल नाकाला चोळून कामाला जायला लागली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"ऊन अडतं हे कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"ताईने."

"आणि ताईंना?"

"अहो, निसर्गातलं आहे ते. त्या मलमाने मी तोंडाला चुना लावल्यासारखी दिसते. रोपं घ्यायला आलेली माणसं हसतात मला."

"चुना तर ताईंनी लावलाय," तो म्हणाला आणि त्या दिवशी त्याला स्वतःच्या हाताने चहा करून प्यावा लागला.

पुढचे चार दिवस त्याने ताईच्या हेतूंचा बारकाईने विचार केला. तिला तेल विकायचं असावं? पण ती फुकट देत होती, आणि तेच त्याला जास्त खटकत होतं. पाचव्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत जुनी खोकी हलवताना दोन तपकिरी बाटल्या दिसल्या आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. यंत्र येण्याआधी त्याचे उस्ताद नकला उन्हात छापायचे. त्या दोन बाटल्यांतलं रसायन मिसळून अंधारात कागदाला फासायचं, वर नकाशा आणि काच ठेवून कागद उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथे कागद निळा, नाही लागलं तिथे पांढरा. उस्ताद म्हणायचे, हा कागद कोणाची भीड ठेवत नाही.

रविवारी त्याने ताईला मुद्दाम जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर दोघी बहिणींना गच्चीवर नेलं, काच मांडली आणि तिच्यावर पट्टे ओढले. एक पट्टा कोरा, एक ताईच्या तेलाचा, एक मलमाचा. एका कडेला बायकोची पातळ ओढणी, दुसऱ्या कडेला स्वतःच्या जाड सुती सदऱ्याची बाही. खाली रात्रीच अंधारात रसायन फासून ठेवलेला कागद सरकवला.

"एवढं आहे तर तुमची टोपीही ठेवा," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं. गवताच्या काड्यांची विणलेली ती टोपी तो वीस वर्षं वापरत होता, आणि उन्हात बोडक्याने फिरणाऱ्या प्रत्येकाला तिचं कौतुक ऐकवत होता. जगात बायकोखालोखाल त्याचा भरवसा त्या टोपीवर. "ठेव की," तो म्हणाला. तिने उरलेला एक कागद टोपीखाली सारला.

पंधरा मिनिटं तिघं जिन्याच्या सावलीत बसली. मग त्याने पहिला कागद बादलीत बुडवला. निळा रंग हळूहळू चढायला लागला. कोरा पट्टा निळाशार. ताईच्या तेलाचा पट्टा शेजारी शोधावा लागला, इतका तोही निळा. ओढणीखालचा भाग किंचित फिका. सदऱ्याची बाही आणि मलम दोन्हींखाली कागद पांढरास्वच्छ.

आपण जिंकलो म्हणून त्याने मान वर केली. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कागद म्हणजे काही कातडी नव्हे, भाऊजी," ती म्हणाली. मग ओल्या कागदाकडे बघत राहिली. "पण मी मुद्दाम नाही केलं हो. तिचं नाक कापलं तेव्हापासून मला काही सुचत नव्हतं. आपल्या हाताने काहीतरी करावं, एवढंच."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या भीतीने तो रात्री वाकून नाक बघायचा, त्याच भीतीने ही बाई आठवडाभर बिया मुरवत बसली होती. "ताई, वास झकास आहे," तो कसाबसा म्हणाला. "संध्याकाळी लावू दे तिला. दिवसा मात्र मलम आणि माझे जाड सदरे. निसर्गातलंच हवं असेल तर झाडाखाली बस म्हणावं, सावली कोणी कारखान्यात करत नाही."

"बरं," बायको म्हणाली. "चुना तर चुना. हसेनात का लोक."

त्याचा जीव भांड्यात पडला. वर्षभरात प्रथमच.

बायकोने मात्र दुसरा कागद काढला होता, टोपीखालचा. तिने तो धुतला आणि त्याच्यासमोर धरला. कागदभर निळे ठिपके होते, काडी आणि काडीच्या फटीएवढे. आणि मधोमध, जिथे वीस वर्षं टोपी काढता-घालताना चिमटीत धरून विणकाम झिजलं होतं, तिथे अंगठ्याएवढा निळा डाग.

त्याने टोपी उचलून आकाशाकडे धरली. फटींतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर सांडलं.

"जुनी झाली असेल," तो म्हणाला. "कागदही जुना. रसायन तर कधीचं—"

बायकोने हात लांब करून त्याच्या टकलाच्या मधोमध बोट टेकवलं. बरोबर तिथेच. बोटाखाली ते खरखरीत लागलं, तिलाही आणि त्यालाही.

"तुमचा तो जुना न्हावी मला दोनदा रस्त्यात थांबवून सांगून गेला," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, तुम्ही स्वतः कधी बोलता याची. माझं नाक रोज तपासता. तुमचं डोकं कोणी तपासायचं?"

"त्याला तेल खपवायचं—" तो म्हणाला आणि थांबला. ताईने मान फिरवली. बादलीतलं पाणी निळसर झालं होतं. त्याला एकाएकी फार भीती वाटली, आणि या वेळी ती बायकोच्या नाकासाठी नव्हती.

"डॉक्टरीणबाई उद्या किती वाजता बसतात?" त्याने विचारलं.

"नऊला."

त्याने मान हलवली. नक्की का, हे त्याने विचारलं नाही.