मामांच्या परड्यातला भोंगा

निपाणीत दुसऱ्याचं बोलणं मन लावून ऐकणारा एकच माणूस उरला आहे आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे मामा, असं माझं ठाम मत होतं. बाकीची जनता माझं पत्रक घेते, घडी घालते आणि त्यात भडंग बांधते. मामांपुढे मात्र मी अख्खं पत्रक खड्या आवाजात वाचायचे, हायवेच्या सर्व्हिस रोडपासून बसस्टँडवरच्या बायकांच्या संडासापर्यंत, आणि प्रत्येक वाक्याला मामांची मान हलायची. शेवटी ठरलेलं, "तुझं अगदी खरं हाय गं बाय!" एकदा मी चिडून त्यांना तोंडावर म्हणाले, "मामा, तुमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांमुळेच या गावाची वाट लागलीय." त्यावरही, "तुझं अगदी खरं हाय." टीका इतक्या मोठ्या मनानं घेणारा माणूस मी चळवळीतसुद्धा पाहिला नाही.

मामांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात गेलं. पान नाकाशी धरून ते कुठल्या गावच्या रानातलं, हे सांगायचे म्हणे. आता पानं संपली, तेव्हा हीच विद्या ते माणसांवर चालवतात. मी दारात उभी राहिले की, "बसनं आलीस. शेजारी कुणाच्या तर पिशवीत मेथी हुती." आणि एकदा बोलायला लागले की मध्ये श्वासाला जागा नाही, तुमचं वाचन चालू असेल तरच गप्प. स्वयंपाकघरात परड्याच्या, म्हणजे मागच्या अंगणाच्या, दाराकडे तोंड केलेली त्यांची खुर्ची आहे. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं चालत नाही, ती कुणी हलवलेलीही चालत नाही. मामांच्या गल्लीत पुढच्या दारानं येतात ते लग्नपत्रिका देणारे आणि पोस्टमन. आपली माणसं परड्यातून येतात, "मामा, हाय का घरात?" अशी हाक घालतात, ओ आली नाही तर परत फिरतात.

आत्या गेल्यावर तीन वर्षांनी मामांनी घराची दुरुस्ती काढली. फरशी उखडली, गिलावा पाडला, आणि भिंती उघड्याच आहेत म्हणून एक नवीनच टूम काढली: चोर आला तर वाजणारा भोंगा बसवायचा, तोही वायरचा. माझं रक्त उसळलं. "मामा, ही भीती विकणाऱ्यांची चाल आहे! आज भोंगा, उद्या शेजाऱ्यावर संशय!" मामा म्हणाले, "तुझं अगदी खरं हाय," आणि वायरमनकडे वळून, "हां, मार भिंतीला खाचा."

वायरमन मूळचा काकतीचा, दुकान निपाणीत. त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, मला ह्यांचं काय कळंना झालंय. पुढच्या दाराला नको म्हणत्यात. कपाटाच्या खोलीला नको. फक्त परड्याचं दार. भोंगा बाहेर पायजे, तर ह्यांना आत पायजे, खुर्चीच्या डोक्यावर. बिनवायरचा घ्या म्हटलं, तर म्हणत्यात, सेल उतरला की त्यो बारीक टीटी करतो, ते कोण ऐकणार? आणि बंद करायची किल्ली बाहेर कडीला टांगा म्हणत्यात. चोरासाठी!"

आता मला राग कमी आणि उत्सुकता जास्त. परड्यात असं आहे तरी काय? मी जाऊन बघून आले. कढीपत्त्याचं झाड, फुटका रांजण, आत्याचा पाटा.

भोंगा जोडला त्या सकाळी शेजारची आक्का आमटीची वाटी घेऊन नेहमीसारखी परड्यातून आली. दार ढकललं मात्र, असा काही आवाज झाला की गवंड्याच्या हातातली थापी पडली आणि आमटी निम्मी उंबऱ्यावर.

"मेले की ओ भाऊजी! मी काय चोर हाय व्हय?"

मामा मात्र खुर्चीतून उठले होते. चेहरा असा फुललेला, जणू घरी पाहुणे आलेत. "आक्का आली! चोर कशाला येतोय परड्यातनं? त्याची काय वळख हाय व्हय आपल्यासंगं?"

आक्कानं कडीची किल्ली फिरवली, भोंगा गप्प केला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुझी आत्या हुती तवर ती सांगायची, अवो, आक्का आलीया. आता लई डाव हाक मारून मी परत गेलेय बघ. दाराआड हुबं राहून वरडलं तरी ऐकू येत न्हाय त्यास्नी, समोर असलं तर तोंड बघून थोडंफार वळखत्यात."

मी मामांसमोर जाऊन उभी राहिले. "मामा, म्हणजे माझी पत्रकं... इतकी वर्षं?"

मामांनी मान हलवली. "तुझं अगदी खरं हाय."

तेव्हापासून मी भोंगा वाजवूनच घरात जाते आणि पत्रक वाचत नाही, हातात देते. मामा ते आधी हुंगतात, मग चष्मा शोधतात. त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या. मला राग आला, पण चुका होत्या.

गेल्या आठवड्यात सर्व्हिस रोडच्या धरण्यासाठी मी दोन दिवस कोगनोळीला होते. आक्काही भावाकडे कणकुंबीला गेली होती. तिसऱ्या दिवशी परत आले, तर बाजारात वायरमन भेटला.

"ताई, मामा दुकानात आलते. भोंगा बिघडलाय म्हणाले, दोन दिस झालं वाजलाच न्हाय. लगेच गेलो. परड्यातनं आत शिरलो, तर वाजला की! काय बिघडलं नव्हतं."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खुर्चीम्होरं बसवून घेतलं. म्हणाले, आलाईस तर च्या घेऊनच जा."