साडीचा रंग जुळेना

आधीच सांगून टाकते, मी या सदरात लिहिणाऱ्यांपैकी नाही. इथले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि निम्म्यांच्या खाली 'डॉक्टरला दाखवा' असं लिहायची इच्छा दाबून ठेवते. भूत, करणी, चकवा... सगळ्यामागे काहीतरी साधं कारण असतं असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे. फक्त एका ठिकाणी ते कारण मला सापडत नाही, आणि मला त्याची भीती वाटत नाही — राग येतो.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला आलो, कुवेंपुनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी कलरिस्ट आहे, म्हणजे शूट झालेल्या व्हिडिओचे रंग नीट करणारी. मुंबईत होते तेव्हा जाहिराती करायचे. आता घरी बसून जे येईल ते करते, आणि येतात ती बहुतेक लग्नं.

या कामात सगळ्यात आधी कलर मॅनेजमेंट बसवावं लागतं. पुढचं सगळं त्यावरच आहे म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक कंपनीचा कॅमेरा रंग आपापल्या पद्धतीनं साठवतो, त्यामुळे कच्चं फुटेज उघडलं की वर पीठ भुरभुरल्यासारखं फिकट दिसतं. कुठली क्लिप कुठल्या कॅमेऱ्याची हे सॉफ्टवेअरला बरोबर सांगायचं, मॉनिटर यंत्रानं मोजून घ्यायचा, की मग लाल तो लाल दिसतो. एक खूण चुकली तर नवरी कावीळ झाल्यासारखी. खात्रीसाठी शूटिंगच्या सुरुवातीला कलर चार्ट, म्हणजे रंगीत चौकोनांचं एक कार्ड, कुणाच्या तरी हातात देऊन शूट करतात. त्या चौकोनांचे आकडे ठरलेले असतात. ते जुळले की वाद संपला. निदान माझ्यासाठी तरी आजवर तिथेच संपायचा.

मॉनिटरच्या मागची भिंतसुद्धा राखाडी लागते, नाहीतर डोळा फसतो. राखेच्या रंगानं घराला अवकळा येते असं घरमालकांचं म्हणणं, म्हणून मी राखाडी पडदा टांगलाय. हे एवढ्यासाठी सांगतेय की माझ्याकडून ढिसाळपणा झाला असेल ही शंका तुम्ही आताच सोडून द्या.

तर प्रवीण नावाचा एक व्हिडिओग्राफर मला नेहमी काम देतो. त्यानं अश्विनीचं लग्न पाठवलं. लग्न हुणसूर रोडवरच्या एका कल्याणमंटपातलं, घरचे लोक बन्नीमंटपाकडचे. जुनी म्हैसूरकर मराठा मंडळी. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते हे मला पहिल्याच फोनवर कळलं. त्यांची मराठी ऐकताना मला अधूनमधून सबटायटल लागतात.

“मॅडम, माझ्या धारेच्या सीरेचा रंग स्वल्प जपून करा हां,” अश्विनी म्हणाली. “त्याच्यावरून घरात लई झालंय.”

धारे म्हणजे इकडचं कन्यादान, आणि त्या वेळी नेसायची साडी ती धारेची सीरे. अश्विनीनं नेसलेली साडी तिच्या आईची होती. अश्विनी लहान असतानाच आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सरोजा घरात आली. तिला अश्विनी चिक्कम्मा म्हणते. अश्विनीला लहानाची मोठी केली ती या सरोजानंच. आईची ती म्हैसूर सिल्कची साडी हिच्या लग्नासाठी तिनंच जपून ठेवली होती.

लग्नाच्या तोंडावर पेटी उघडली, तर आतून निघाली विटकी, मातकट जांभळी साडी. आत्यानं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वहिनीची साडी डाळिंबी होती, ही ती नव्हेच. खरी साडी सरोजानं आपल्या माहेरी दिली आणि कुठलीतरी जुनी आणून पोरीच्या हातात ठेवली. काठ तोच होता, पण तसा काठ निम्म्या म्हैसूर सिल्कला असतो. जुन्या अल्बमचा उपयोग नव्हता. फोटो इतके उतरलेले की त्यात भटजींचं धोतरसुद्धा गुलाबी.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं. खरं तर मला काय करायचं होतं.

“चिक्कम्मा खोटं बोलत नाही, गोत्तु आहे मला,” अश्विनी म्हणाली. “पण आत्यानं आईला त्या सीरेत बघितलंय, मॅडम. आणि रंग एवढा कसा जाणार? मी विचारलं पण चिक्कम्माला, हीच ना म्हणून. ती नुसती बघत बसली माझ्याकडे.”

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती. ते मनात घेऊनच जाणार हे तिच्या आवाजातच कळत होतं. मी म्हटलं, कॅमेऱ्यात जे आहे तेच दिसेल, काळजी करू नको. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फुटेज दोन कॅमेऱ्यांचं होतं, दोन वेगळ्या कंपन्यांचे. पहिल्या कॅमेऱ्यासमोर चार्ट धरला होता सरोजानं, नवरीच्या खांद्यावर हात ठेवून ती शेजारीच उभी होती म्हणून प्रवीणनं तिच्याच हातात दिला. दुसऱ्यासमोर नवऱ्याच्या कुणा चुलतबहिणीनं. मी खुणा लावल्या, चार्ट जुळवले, आकडे तंतोतंत. आणि पडद्यावर त्या चार्टच्याच शॉटमध्ये पहिल्या कॅमेऱ्यात साडी डाळिंबी, दुसऱ्यात मातकट जांभळी.

माझं पहिलं मत अर्थातच हे, की दुसऱ्या कॅमेऱ्याची खूण चुकली. बदलली. तर नवरी हिरवी झाली, साडी होती तशीच. पुन्हा आधीची लावली. मॉनिटर पुन्हा मोजला. प्रोजेक्ट फेकून नवा केला. सेटिंग हातानं लावली, मग सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं. चार्टचे चौकोन प्रत्येक वेळी शहाण्यासारखे जागच्या जागी, फुलं जुळतायत, चेहरे जुळतायत, हळद जुळतेय, एक ती साडी जुळायला तयार नाही. त्यात माझा आख्खा आठवडा गेला. नवऱ्यावर ओरडले, कुकरवर ओरडले. प्रवीणला फोन करून विचारलं की मधे साडी बदलली होती का. तो म्हणाला, “मॅडम, धारेच्या मधे कोण साडी बदलतं?”

शेवटी कंटाळून सगळे शॉट ओळीनं लावून नुसते बघत बसले. तेव्हा दिसलं की भानगड कॅमेऱ्याची नाहीच. पहिल्या कॅमेऱ्याचेही बरेच शॉट जांभळेच होते. दुसऱ्याचेही थोडे डाळिंबी होते. आणि डाळिंबी होते त्या प्रत्येक शॉटमध्ये सरोजाचा हात अश्विनीला लागलेला होता. पदर सारखा करताना, निऱ्या दाबताना, दंडाला धरून पाटावर बसवताना. असे शॉट मुळात कमीच, कारण आत्या तिला पुढे येऊच देत नव्हती.

मी हसले. खरंच हसले. मग म्हटलं, समजलं, सरोजाच्या साडीचा रंग परावर्तित होतोय. असं होतं कधीकधी. पण सरोजा नेसली होती फिकट पोपटी. पोपटी उजेड पडून कुठलीही साडी डाळिंबी होत नाही, उलट आणखी मळकट होते.

मग तो शॉट बघितला. एकच सलग शॉट, मधे कट नाही. अश्विनी एकटी उभी, साडी जांभळी. डावीकडून सरोजा येते, वाकते, निऱ्यांना हात लावते. साडी डाळिंबी. चमक नाही, लकाकी नाही, मुळात तशीच असल्यासारखी साधी डाळिंबी. सरोजा हात काढून बाजूला होते. पुन्हा जांभळी. रंग मोजणाऱ्या आलेखावर तेवढाच एक पट्टा सरकतो आणि परत येतो, बाकी काही हलत नाही. मी तो शॉट किती वेळा बघितला सांगत नाही. लाज वाटते.

प्रवीणला दाखवला. तो म्हणाला, “तुमचा मास्क लीक होतोय, मॅडम.” मास्क म्हणजे चित्रातल्या एकाच भागाचा रंग बदलायला त्याच्याभोवती आखलेली सीमा. मी म्हटलं, अरे मी अजून एकही मास्क लावलेला नाही, हे कच्चं आहे. तर म्हणाला, मग अपडेटमुळे असेल. नवऱ्याला दाखवला. तो मान तिरकी करून म्हणाला, तूच काहीतरी केलं असशील आणि विसरली असशील. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली नसती तर त्या दिवशी मी त्याला घराबाहेर काढलं असतं. अश्विनीकडून पाहुण्यांच्या मोबाईलमधल्या क्लिपा मागवल्या. त्यात सगळीकडे साडी जांभळी, आणि सरोजा एकीतही नव्हती. तिला कुणी शूटच केलं नव्हतं.

उरला एकच उपाय, प्रत्यक्ष साडी बघायची. मी फोन केला आणि सरोजा दुपारी बसनं आली, कापडी पिशवीत साडी घेऊन. पन्नाशीची, बारीक, बोलायला संकोचणारी. बाल्कनीच्या उजेडात तिनं साडी मांडीवर उलगडली. शिजवून उरलेल्या वांग्याचा असतो तसा रंग. तिचे दोन्ही हात साडीवर होते आणि ती होती तशीच जांभळी राहिली. मला जरा हायसं वाटलं.

“दर वर्षी दसरा झाला की गच्चीवर वाळत घालायची मी,” ती म्हणाली. “कसर लागेल म्हणून भ्यायची. सिल्कला ऊन दाखवू नये हे मला कोण सांगणार होतं, अक्का? रंग गेला तसं मी यांना सांगितलं होतं. यांनी कुठं लक्ष दिलं.”

मी तिला आत नेऊन तो शॉट लावला. काही सांगितलं नाही, नुसता लावला. साडीचा रंग पालटला तशी ती उठून पडद्यापाशी गेली आणि काचेवर तळहात ठेवला. माझ्या मॉनिटरला कुणी बोट लावलं तरी मी अंगावर जाते. त्या दिवशी तो ठेवू दिला.

“अशीच होती,” ती म्हणाली. “मी या घरात आले, पहिल्यांदा पेटीतनं काढली, तेव्हा अशीच होती.” मग बराच वेळ रडली.

मी म्हटलं, हे असंच अश्विनीला पाठवते. आत्या बसली बघायला तर बसू दे.

“बेड, अक्का. नको.”

“का?”

“म्हणतील, चिक्कम्मानं पैसे देऊन रंग घालून घेतला. मी सीरे घेऊन तुमच्याकडं आले हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमचं कामच रंग घालायचं, अल्वा?” डोळे पुसत ती म्हणाली, “जशी आहे तशी करून टाका सगळीकडे. मी बघितलं, अष्टे पुरे.”

ती बरोबर बोलत होती. तिला घरी बोलावून मी तिची बाजू आणखीच लंगडी करून ठेवली होती.

म्हणून मी ते केलं. सरोजाचा हात आहे त्या प्रत्येक शॉटमध्ये साडीभोवती मास्क काढले, फ्रेममागून फ्रेम बोटं वाचवत, पदराच्या कडा सांभाळत, आणि डाळिंबी रंग मारून त्याजागी मातकट जांभळा भरला. इतकं सफाईदार काम मी मुंबईत असतानाही केलं नव्हतं. चांगला रंग बिघडवण्यासाठी एवढी मेहनत घेताना हात चालत होते आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. फिल्म दिली. कुणाला काही कळलं नाही.

आठवड्याभरानं अश्विनीचा मेसेज आला. घरी सगळ्यांनी मिळून फिल्म बघितली, सगळ्यांना खूप आवडली. पुढे लिहिलं होतं, 'साडीचा रंग एकदम खरा आलाय मॅडम. आत्या म्हणाली, बघ, एवढ्या भारी कॅमेऱ्यात पण डाळिंबीचा मागमूस नाही. म्हणजे ती आईची नव्हतीच. आता निदान खरं काय ते कळलं. थँक यू.'

मी तिला लगेच फोन केला. म्हटलं, अश्विनी, ऐक, मूळ फुटेजमध्ये ती डाळिंबी आहे, रंग मी बदललाय. ती अगदी आदरानं म्हणाली, “चिक्कम्मानं सांगितलं का तुम्हाला, असं म्हणायला?” दोन दिवसांनी ती परदेशी गेली. सरोजाला फोन केला तर म्हणाली, “असू दे अक्का. पोहोचल्याचा फोन आला होता तिचा.”

या क्षेत्रातल्या तीन-चार जाणत्यांना मी विचारलं. कुणी लेन्स म्हणालं, कुणी सेन्सर, कुणी हॉलमधले दिवे. एकाचंही म्हणणं त्या सलग शॉटला लागू पडत नाही. मला स्वतःला काहीच स्पष्टीकरण देता येत नाही, आणि ज्या धंद्यात प्रत्येक रंगाला आकडा असतो त्यात हे कबूल करावं लागतंय. कच्चं फुटेज माझ्याकडे जसंच्या तसं आहे. पण दाखवू कुणाला? तुम्हाला दाखवलं तरी तुम्ही पहिला प्रश्न हाच विचाराल, की हे तुम्ही कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत.