डॉबरमन आणि तुसाची राख

पनवेलला थंडी पडते असं म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसू देत. त्यांनी नव्वदच्या आसपास, डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी आमच्या आळीत यायला हवं होतं. पत्र्यांवरून दव टपटपतंय, कर्नाळ्याच्या बाजूचं धुकं नळापर्यंत आलंय आणि अख्खी आळी माकडटोप्या घालून दात घासतेय! अशाच एका थंडीत माझा विश्वासघात झाला. तोही चार पायांच्या, काळ्या कुळकुळीत, उमद्या प्राण्याकडून.

मी चार भावंडांत धाकटा. घरात मला हुकूम सोडायची मुभा सगळ्यांना, मला मात्र कुणालाच नाही. त्यामुळे विशीत, नोकरी लागल्या लागल्या, पुण्याच्या एका मित्राकडून मी डॉबरमनचं पिल्लू आणलं. "बस" म्हटलं की बसणारा, "चल" म्हटलं की उठणारा, आणि तेही फक्त मी म्हटलं की! आईने बोलावलं तर तो आधी माझ्याकडे बघायचा. त्या एका बघण्यासाठी मी त्याचं काहीही करायला तयार होतो.

थंडीचं मित्राला आधीच विचारलं होतं. तो छाती फुगवून म्हणाला, "अरे, पुण्यात जन्मलाय तो! तुमची पनवेलची थंडी म्हणजे त्याला पंखा लावल्यासारखी." पुण्यात जन्मला हे खरंच होतं. मे महिन्यात जन्मला, हे सांगायचं तेवढं राहिलं.

आता अशा राजबिंड्या कुत्र्याला राहायला जागा नको? आमच्या परसात अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. पनवेलच्या आसपास भाताच्या गिरण्या, तेव्हा आळीत घरोघरी अशा चुलीत तूस घालायचे. तूस भडकत नाही, धुमसत राहतं. रात्री विझवलं तरी राख पहाटेपर्यंत उबदार. पण आम्ही नुकताच गिझर बसवला होता. मी बाबांच्या मागे लागून ती चूल पाडली आणि त्याच जागी कुत्र्यासाठी सिमेंटचं घर बांधलं. खाली गुळगुळीत कोबा, वर स्लॅब, पुढे कडीचं दार. गवंडी म्हणाला, "साहेब, माझ्या घराला पण असला कोबा नाय."

डिसेंबर आला, आणि त्या कोब्यावर माझा डॉबरमन दात वाजवू लागला! खोटं नाही सांगत, आवाज यायचा. तेव्हा मी आजूबाजूच्या कुत्र्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं पॉमेरियन, उशीएवढं, दवात लोळत होतं. त्याला वर लांब केस आणि आत दाट लोकर, जन्मतःच दोन स्वेटर. बिल्डरच्या अल्सेशियनला तर थंडी आली की चेव यायचा. गावठी कुत्री शेपटीत नाक खुपसून वेटोळं करायची, पेंढ्यात शिरायची, ऊब कुठे आहे ते त्यांना पाठ. आणि माझ्या उमरावाच्या अंगावर आखूड केसांचा एकच थर, खाली कातडी, कातडीखाली थेट हाडं. नुसता दिमाख. दिमाखाने काय ऊब येते?

आईने माझा जुना बिनबाह्यांचा स्वेटर त्याला चढवला. मी तो काढला. म्हटलं, "डॉबरमन स्वेटर घालून भुंकला तर चोर हसून मरेल." 

"मरू दे की," आई म्हणाली, "मग चोरी तरी होणार नाही."

मी गोणपाट घातलं, तेही दवाने ओलं व्हायचं. आणि मग एके सकाळी पाहतो, तर कडी काढलेली, घर रिकामं. शेजारच्या काकींच्या परसात, त्यांच्या तुसाच्या चुलीपुढच्या राखेत, माझा डॉबरमन पाय पसरून घोरत होता. काळा गेला होता तिथे, आणि आता पुरता राखाडी झाला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. कुत्र्याला कडी काढता येत नाही. म्हणजे चोरी! मी कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"काकी, दुसऱ्याचा कुत्रा पळवणं शोभतं का तुम्हाला?"

काकी मिठागरवाल्यांच्या घरच्या, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. "मी पळवते? बाला, तुज्या आईला इचार! तीच आनून सोडते रोज, तू झोपल्यावर. माझ्या घरात मानसं कमी हायत का?"

मी वळलो. आई दारात उभी होती, हातात पोळीचं पीठ, चेहऱ्यावर जराही पश्चात्ताप नाही. "थंडी वाजते रे त्याला. तुझी ऐट त्याच्या अंगावर घालू का?"

घरचाच भेदी! पण मला खरी आशा कुत्र्यावर होती. आई मोठी, तिच्यापुढे त्याचं काय चालणार? मी काकींच्या परसात गेलो आणि कडक आवाजात म्हटलं, "चल!"

त्याने डोकं उचललं. मला ओळखलं, याबद्दल शंका नको. शेपटी दोनदा आपटली, राख उडाली, आणि हनुवटी पुन्हा पायांवर ठेवली. मग काकींनी "यू, यू, यू" केलं. रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला करतात तसं, भाकरीचा तुकडा हातात धरून. माझा डॉबरमन उठून गेला.

मी स्वतःची समजूत काढली, भांडण थंडीशी आहे, माझ्याशी नाही. ते सिमेंटचं घर मी स्वतः घणाने फोडलं. आईने तिथे पुन्हा मातीची चूल घातली, गिरणीतून तूस आणलं. तोवर थंडी सरली होती. उन्हाळाभर तो माझ्याच मागेमागे असायचा, "बस" म्हटलं की बसायचा, आई बोलावते तेव्हा माझ्याकडे बघायचा. मला वाटलं, मिटलं.

पुढचा डिसेंबर आला. मी संध्याकाळीच चूल भरली, राख पसरली, तिच्यावर हात ठेवून पाहिला. अगदी हवी तशी ऊब. तो आला, राख हुंगली, माझ्याकडे पाहून शेपटी हलवली, चुलीला वळसा घातला आणि कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेला. तिकडून काकींचा आवाज आला, "आलास व्हय?"

मी हाक मारली नाही. मारली असती आणि तो आला नसता, तर ते आळीला दिसलं असतं.